टायशिवायचे जहाज

दवाखान्यात माझ्या टेबलावर येणारे कागद बहुधा ठरलेले असतात. रक्ताचे अहवाल, विम्याचे अर्ज, रजेसाठी लागणारे दाखले. गेल्या वर्षी मार्च महिन्यात एक निराळा कागद आला. गुळगुळीत, निळ्याशार समुद्राच्या छायाचित्रांनी भरलेली ती एक पुस्तिका होती. ती पुढे करणारे गृहस्थ माझे जुने रुग्ण. वय ६८, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. मी त्यांना काका म्हणतो. त्यांच्या लग्नाला ४० वर्षे पूर्ण होणार होती आणि जर्मनीत राहणाऱ्या मुलीने आईवडिलांना युरोपातील आठ दिवसांची सागरी सफर भेट द्यायचे ठरवले होते. काकांनी पुस्तिका माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "डॉक्टर, मला हा प्रवास झेपणार नाही, एवढं लिहून द्या."

मी त्यांना तपासले. रक्तदाब उत्तम, हृदयाचे ठोके नियमित, साखर आटोक्यात. पाच वर्षांपूर्वी त्यांना कंपवाताचे निदान झाले होते, परंतु लेव्होडोपाच्या दिवसातून तीन गोळ्यांवर त्यांचे बरे चालले होते. रोज सकाळी दोन किलोमीटर चालणाऱ्या माणसाला प्रवास झेपणार नाही असे लिहायला मला कोणताही आधार सापडेना. मी तसे सांगितले. ते काही न बोलता पुस्तिका उचलून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी काकू एकट्या आल्या. "ते समुद्राला घाबरले नाहीत, डॉक्टर. कोटाला घाबरलेत."

मग हळूहळू उलगडा झाला. मुलीने निवडलेले जहाज मोठे आणि नामांकित होते. त्यावर आठवड्यातून दोन संध्याकाळी जेवणासाठी औपचारिक पोशाख अपेक्षित होता, म्हणजे पुरुषांना गडद सूट आणि टाय. घरी शर्टाची बटणे काकू लावून देतात. दार बंद असते आणि घाई नसते, त्यामुळे त्याचे काही वाटत नाही. परंतु आदल्या वर्षी पुतण्याच्या लग्नात शेरवानीचे हूक लावताना २५ मिनिटे गेली, बाहेरून हाका येऊ लागल्या, हात अधिकच थरथरू लागले, आणि अखेर काका साध्या कपड्यांत गाडीत जाऊन बसले. अक्षता त्यांनी टाकल्याच नाहीत. तेव्हापासून कोणत्याही समारंभाचे आमंत्रण आले की त्यांची तब्येत बरी नसते.

कंपवातात हात कापतात हे सर्वांना ठाऊक असते. बोटांच्या बारीक हालचाली मंदावतात आणि लहान होत जातात, हे मात्र घरच्यांच्याही लवकर लक्षात येत नाही. शर्टाचे सर्वांत वरचे बटण, बाहीचे बटण, टायची गाठ, बुटाची नाडी, झालेच तर लेंग्याची नाडी, ही या आजारातली कठीण कामे. त्यात ताण आला की कंप वाढतो. संधिवाताने बोटे वाकलेल्या किंवा अर्धांगवायूतून सावरलेल्या माणसाचीही अडचण जवळपास हीच असते. अशा माणसाच्या बाबतीत जहाजावर टाय सक्तीचा आहे की नाही, हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही. दर संध्याकाळी खोलीबाहेर पडायचे की नाही, ते त्यावर ठरते.

मला सागरी सफरींची फारशी माहिती नव्हती. काकूंना मी आठ दिवस मागून घेतले आणि रात्री बसून वाचू लागलो. त्यांच्या मुलीशी दोनदा फोनवर बोललो. त्यातून जे उमगले ते इतर कुटुंबांच्याही उपयोगी पडावे, म्हणून हा लेख.

पोशाखाचे प्रथम पाहू. क्युनार्डसारख्या जुन्या परंपरेच्या कंपनीने औपचारिक संध्याकाळची रीत आजही जपली आहे. त्यांच्या 'गाला' संध्याकाळी पुरुषांनी टक्सीडो किंवा गडद सूट घालावा अशी अपेक्षा असते. ज्यांना ते नको असेल त्यांनी जहाजाच्या काही ठरावीक भागांतच वावरायचे असते. याउलट लहान, आलिशान जहाजांच्या अनेक कंपन्यांनी टाय मुळातच सोडून दिला आहे. 'सीड्रीम'च्या दोन जहाजांवर आणि 'विंडस्टार'च्या जहाजांवर रात्रीच्या जेवणालाही कोट वा टाय लागत नाही. 'रिसॉर्ट कॅज्युअल', 'यॉट कॅज्युअल', 'एलिगंट कॅज्युअल' असे शब्द पुस्तिकांतून आढळतात. त्यांचा अर्थ साधारणपणे एकच: दिवसभर काय हवे ते घाला, रात्री भोजनगृहात मात्र हाफ पँट, बिनबाह्यांचा बनियन आणि रबरी चपला नकोत. 'एलिगंट' म्हणणारे किंचित अधिक नीटनेटकेपणा मागतात. 'फॉर्मल ऑप्शनल' असा शब्द दिसला तर मात्र थांबावे. सक्ती नाही असाच त्याचा अर्थ असला तरी त्या रात्री निम्मी माणसे सुटाबुटात असू शकतात, आणि काकांसारख्या संकोची माणसाला तेवढे पुरे होते.

एक गोष्ट काकूंना ऐकून फार बरे वाटले. साडी कोणत्याही जहाजावर, अगदी औपचारिक संध्याकाळीही, चालतेच चालते. गाऊन शिवावा लागेल की काय, ही त्यांची चिंता त्यांनी मला तोपर्यंत सांगितलीच नव्हती! मी फक्त एवढे सुचवले, की जहाजातून उतरताना आणि होडीत चढताना साडी नको, त्या वेळी सलवार-कमीज आणि न घसरणाऱ्या तळव्याचे बूट बरे. काकांसाठी डोक्यावरून घालायचे, एकही बटण नसलेले दोन खादी रेशमी झब्बे, कमरेला इलास्टिक असलेल्या विजारी आणि वेल्क्रोच्या पट्टीचे काळे बूट असा बेत ठरला. कपड्यांचा प्रश्न तिथे मिटला.

परंतु पोशाख सैल आहे म्हणून जहाज योग्य ठरत नाही. इथून पुढे माझे काम खरे सुरू झाले.

लहान जहाज कशाला म्हणावे याची ठरलेली व्याख्या नाही. २०२४ साली सेवेत आलेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'वर एका खोलीत दोघे या हिशोबाने ५,६००हून अधिक प्रवासी मावतात. त्यापुढे ३०० प्रवाशांचे जहाज म्हणजे एखादे घरगुती खानावळवजा हॉटेलच. 'सीड्रीम'वर तर ११२ प्रवाशांच्या दिमतीला सुमारे ९५ कर्मचारी असतात. कमी माणसांचे फायदे उघड आहेत. रांगा नाहीत, लांबलचक मार्गिका नाहीत, दुसऱ्या दिवशी वाढप्याला तुमचे नाव ठाऊक असते. आमच्या दृष्टीने त्याहून मोठा फायदा जेवणाच्या वेळेचा होता. मोठ्या जहाजांवर ठरलेल्या वेळी ठरलेल्या टेबलावर बसण्याची पद्धत अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. लहान आलिशान जहाजांवर बहुधा भोजनगृह उघडे असेल त्या वेळात केव्हाही जाता येते. लेव्होडोपा घेणाऱ्या माणसासाठी हे फार महत्त्वाचे. प्रथिनांनी भरलेले जेवण या औषधाच्या शोषणात अडथळा आणते, म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा जेवणानंतर तासाभराने घेणे बरे असते. गोळीचा परिणाम चढलेला असताना जेवायला बसले की चमचा हातात स्थिर राहतो. ही वेळ साधता आली तर चारचौघांत जेवण्याची भीती निम्मी होते.

आता तोटे. पुस्तिकेत ते शोधून सापडत नाहीत.

जहाज जितके लहान तितके ते अधिक डुलते. जहाजाच्या पोटाजवळ पंखांसारखे स्थैर्यक बसवलेले असतात. ते डावी-उजवीकडचे डोलणे बरेच कमी करतात, परंतु नाळ आणि वरवंड यांचे वरखाली होणे त्यांना रोखता येत नाही. म्हणून खोली घेताना जहाजाच्या मध्यभागी आणि शक्यतो खालच्या मजल्यावर घ्यावी. महागडी खोली वरच्या मजल्यावर असते, आणि हेलकावेही तिथेच अधिक. जहाजापेक्षाही मार्ग आणि महिना महत्त्वाचा. ग्रीसच्या बेटांभोवती जुलै-ऑगस्टमध्ये 'मेल्तेमी' नावाचा उत्तरेचा जोरदार वारा वाहतो. मुलीने नेमका ऑगस्टमधला तोच मार्ग पसंत केला होता, कारण तेव्हा तिला सुटी होती. क्रोएशियाच्या दाल्मेशियन किनाऱ्याला बेटांच्या रांगांचा आडोसा आहे. तिथले पाणी उन्हाळ्यात आणि सप्टेंबरात पुष्कळ शांत असते. नॉर्वेच्या फियोर्डांतही तसेच, पण तिथली थंडी आणि थंडीचे थरावर थर कपडे म्हणजे पुन्हा बटणे आणि चेनी.

क्रोएशिया म्हटल्यावर मुलीने एक सुरेख नाव काढले: ३६ प्रवाशांचे जहाज, रोज रात्री नव्या बंदरात मुक्काम, कपड्यांचे काहीच बंधन नाही. छायाचित्रे पाहून मीही क्षणभर मोहात पडलो. परंतु तिथे दोन अडचणी होत्या. त्या किनाऱ्यावरच्या लहान बंदरांत अशी जहाजे दाटीने एकमेकांना खेटून बांधलेली असतात. किनाऱ्यावर जायचे तर शेजारच्या दोन-तीन जहाजांवरून पाय टाकत जावे लागते. पाऊल उचलताना मध्येच थबकणाऱ्या माणसाला हे धोक्याचे. दुसरी अडचण डॉक्टरची. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार, १०० किंवा अधिक माणसे असलेल्या आणि सामान्यतः तीन दिवसांहून अधिक काळाच्या आंतरराष्ट्रीय सफरी करणाऱ्या जहाजावर पात्रताधारक डॉक्टर असणे बंधनकारक आहे. ही १०० माणसे म्हणजे प्रवासी आणि कर्मचारी मिळून. ३६ प्रवाशांचे जहाज या नियमाच्या बाहेर राहते. तरुण, निरोगी माणसाने त्याची पर्वा करू नये. ६८ वर्षांच्या रुग्णाने करावी.

लिफ्टबद्दलही विचारून घ्यावे. 'आलिशान' या शब्दात ती आपोआप येत नाही. १९८६ साली बांधलेले, चार डोलकाठ्यांचे 'विंड स्टार' हे शिडाचे जहाज दिसायला अतिशय देखणे, कपड्यांचे बंधन नाही, प्रवासी १४८. पण त्यावर लिफ्ट नाही. 'स्टार क्लिपर्स'च्या शिडाच्या जहाजांवरही नाही. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना तिथे पाठवणे म्हणजे दिवसातून दहा वेळा जिने चढायला लावणे. स्नानगृहाच्या दाराशी उंबरठा किती उंच आहे, न्हाणीत धरायला दांडा आहे का, टबात चढून स्नान करावे लागते का, हेही लेखी विचारावे. आम्ही विचारले तेव्हा एका कंपनीने दुसऱ्याच दिवशी न्हाणीघराचे छायाचित्र धाडले आणि दुसरीने पुन्हा तीच पुस्तिका.

बंदरात जहाज धक्क्याला लागणार की दूर नांगरून होडीने नेणार, हा प्रश्न तर सर्वांनीच विचारावा. सँटोरिनीला जहाजे खोल समुद्रात थांबतात, होडीने किनाऱ्यावर नेतात आणि पुढे सुमारे ५८० पायऱ्या किंवा केबल कार. होडीत पाऊल टाकताना होडीही हलत असते आणि जहाजही. कर्मचारी हात देतात, पण उचलून घेत नाहीत. आणि समुद्र खवळलेला असेल तर कोणाला उतरू द्यायचे याचा अंतिम निर्णय कप्तानाचा असतो. प्रवासाच्या कार्यक्रमपत्रिकेत 'टेंडर' असा शब्द किंवा नांगराचे चिन्ह किती बंदरांपुढे आहे, ते मोजावे.

आता औषधांचे. या लेखातला जो भाग सर्वांत काळजीपूर्वक वाचावा असे मला वाटते तो हा.

कोकणच्या किनाऱ्यावर बोटी चालत त्या काळापासून मराठीत 'बोट लागणे' हा शब्दप्रयोग रूढ आहे, आणि बोट लागू नये म्हणून औषधाच्या दुकानातून मागून आणलेली गोळी घेण्याची सवयही तितकीच. या गोळ्यांपैकी सिनारिझिन हे औषध आपल्याकडे फार वापरले जाते. चक्कर येते म्हणूनही ते सर्रास दिले जाते. मेंदूतील डोपामिन या रसायनाच्या कामात ते अडथळा आणते, आणि कंपवातात कमतरता असते ती डोपामिनचीच. उलटीवरची मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, प्रोमेथाझिन ही औषधेही याच कारणाने कंपवाताच्या रुग्णाने टाळावीत. माझ्याच एका वृद्ध रुग्णाची चाल काही वर्षांपूर्वी मंदावली, चेहरा निर्विकार झाला. आजार वाढला असे समजून मी लेव्होडोपाची मात्रा वाढवली होती. पुढल्या खेपेस त्यांच्या सुनेने औषधांची सगळी पिशवी टेबलावर रिकामी केली तेव्हा त्यात चक्करेवरची सिनारिझिनची पाकिटे निघाली. दुसरीकडून मिळालेली ती गोळी ते तीन महिने घेत होते. ती बंद केल्यावर काही आठवड्यांत ते पुष्कळ सुधारले. पिशवी पहिल्याच दिवशी मागायला हवी होती.

कानामागे लावायच्या स्कोपोलामिनच्या पट्टीचेही तसेच. तरुणांना ती उपयोगी पडते. वृद्धांना तिच्याने भ्रम होऊ शकतो, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते, काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यांतील दाब वाढू शकतो. काकांसाठी कोणती गोळी चालेल हे मी त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञांशी बोलून ठरवले आणि निघण्यापूर्वी एकदा घरी घेऊन पाहायला लावली. नव्या गोळीची पहिली ओळख भर समुद्रात व्हायला नको. काकूंची गोळी निराळी. दोन पाकिटे, काकूंच्या पाकिटावर लाल दोरा.

नेहमीच्या औषधांचे दोन संच केले. एक हातातल्या पिशवीत, दुसरा मुलीकडे. लेव्होडोपा एकाएकी बंद पडल्यास तीव्र ताठरता, ताप, बेशुद्धी इथपर्यंत मजल जाऊ शकते. सामान हरवले म्हणून चार दिवस गोळ्या नाहीत, असे होऊन चालत नाही. औषधांच्या मूळ नावांसह इंग्रजीत चिठ्ठी दिली. क्रोएशियाचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. पहिल्या दिवशी घड्याळ न पाहता दोन गोळ्यांमधले अंतर पाळायचे आणि मग तिथल्या वेळेवर यायचे, असे लिहून दिले.

विम्याबद्दल थोडक्यात. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागतेच, पण तेवढ्यावर विसंबू नये. आधीपासून असलेला आजार अर्जात स्पष्ट लिहावा आणि जहाजावरून रुग्णाला किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च पॉलिसीत आहे का, ते वाचावे. जहाजावरच्या डॉक्टरची फी तुमच्या खोलीच्या बिलात चढते आणि ती आधी तुम्हालाच भरावी लागते. आजार लपवला तर हप्ता कमी बसतो, असे सांगणारे सल्लागार भेटतात. त्यांचे ऐकू नये.

लहान जहाजावर पोटाचे साथीचे विकार होत नाहीत, असाही एक समज आहे. माणसे कमी म्हणून धोका कमी, इतकेच. नोरोव्हायरसला अल्कोहोलचे सॅनिटायझर फारसे जुमानत नाही. जेवणापूर्वी साबण आणि वाहते पाणी, २० सेकंद. अमेरिकी बंदरांना जाणाऱ्या जहाजांची तिथली सीडीसी ही संस्था स्वच्छतेसाठी तपासणी करते आणि १०० पैकी गुण जाहीर करते. ८५ किंवा त्याहून कमी म्हणजे नापास. तुमचे जहाज त्या यादीत असेल तर गुण पाहून घ्यावेत.

अखेर सुमारे ३०० प्रवाशांचे, दोन लिफ्टचे, डॉक्टर असलेले, टायला पूर्ण रजा दिलेले एक जहाज सापडले. महिना सप्टेंबर, मार्ग क्रोएशिया आणि माँटेनेग्रोचा, होडीने उतरायची बंदरे दोनच. मुलीला रजेची अदलाबदल करावी लागली. पैसेही आधीच्या जहाजापेक्षा अधिक पडले, हे लपवत नाही. लहान आलिशान जहाजांचे दर दिवसामागे बरेच चढे असतात, आणि ज्यांना कोट-टायची अडचण नाही त्यांनी केवळ हौसेखातर ते द्यावेत असे मी म्हणणार नाही. काकांना मी पोशाखाचे पान मोठ्या अक्षरांत छापून दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले. "म्हणजे झब्ब्यावर चालेल?" एवढाच प्रश्न.

ऑक्टोबरात दोघे भेटायला आले. सफर काही निर्विघ्न झाली नव्हती. दुसऱ्या रात्री वारा सुटला आणि बोट लागली ती काकूंना. काकांनी लाल दोऱ्याचे पाकीट शोधून त्यांना गोळी दिली आणि रात्रभर खुर्ची पलंगाशी ओढून बसले. एके संध्याकाळी गोळी उशिरा घेतल्यामुळे काकांना जेवणाच्या टेबलावरून उठताच येईना. वाढप्याने शेजारची खुर्ची ओढली आणि पुन्हा कॉफी आणून दिली. अर्ध्या तासाने ते उठले. होडीने उतरायच्या एका बंदरी पाणी हलत होते, म्हणून काका जहाजावरच राहिले. काकू मुलीबरोबर गावात गेल्या. त्या चार तासांत त्यांनी एकदाही गोळीच्या वेळेसाठी घड्याळ पाहिले नाही, असे सांगताना त्या किंचित ओशाळल्या. तीन वर्षांत असे पहिल्यांदाच घडले होते.

मुलीने काढलेले एक छायाचित्र त्यांनी दाखवले. लांब टेबल, अनोळखी आठ-दहा माणसे, मध्ये करड्या झब्ब्यातले काका काहीतरी सांगत आहेत. धरणाच्या दरवाजांविषयी असणार. हात दोन्ही वर उचललेले आहेत. बाहेर पडताना ते दाराशी थांबले आणि म्हणाले, "डिसेंबरात भाचीचं लग्न आहे. तिथंही झब्बाच घालणार, सांगून ठेवलंय."